शब्दचर्चा : ऑक्सिजनमधला आंबटपणा

प्रश्न : जर्मनमध्ये ऑक्सिजनला ‘झाउअरश्टॉफ’ म्हणतात, म्हणजे ‘आंबट द्रव्य’. या वायूला तर चवच नसते. मग हे नाव कसं पडलं?

उत्तर : आंबटपणा मूळ फ्रेंच नावातच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए याने ग्रीक ‘ऑक्सिस’ (तीक्ष्ण, आंबट) आणि ‘जेन’ (उत्पन्न करणारा) जोडून हा शब्द घडवला. 1787 च्या रासायनिक नामकरणात तो पक्का झाला. यातला ‘जेन’ आणि आपल्या ‘जनक’, ‘जन्म’ यांमधला ‘जन्’ धातू एकाच कुळातले. म्हणजे ऑक्सिजन हा ‘आम्लजनक’.

गंधक किंवा फॉस्फरस या वायूत जाळला आणि जे तयार झालं ते पाण्यात विरघळवलं, की आम्ल मिळतं. त्यावरून प्रत्येक आम्लात हा वायू असणारच, असं लाव्हाझिएला वाटलं. 1810 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने दाखवून दिलं, की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि मीठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक आम्लात) ऑक्सिजन मुळीच नाही. पण तोवर नाव रुळलं होतं. जर्मन झाउअरश्टॉफ, डच झ्यूरस्टॉफ, स्वीडिश स्यूरे, रशियन किस्लोरोद, चेक किस्लीक, फिनिश हाप्पी, सगळ्यांत तोच आंबटपणा. खरं तर आम्लगुणाशी जास्त जवळचं नातं हायड्रोजनचं, पण त्याला नाव मिळालं ‘जलजनक’!

मला सगळ्यात आवडतो तो डॅनिश शब्द ‘इल्ट’. तो केला हान्स क्रिस्टियान अर्स्टेड याने. विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते, हे 1820 मध्ये दाखवणारा तोच. डॅनिशमध्ये ‘इल्ड’ म्हणजे आग, त्यावरून इल्ट. पोलिशमध्येही आधी ‘क्वासोरूद’ असा आंबट शब्द होता, तो जाऊन ‘त्लेन’ आला. त्यामागे धुमसण्याचं क्रियापद आहे. ज्वलनाला मदत करणं हा या वायूचा खरा गुण, त्यामुळे ही नावं आजही चुकीची ठरत नाहीत.

प्रश्न : मग आपला ‘प्राणवायू’?

उत्तर : आपण ना आंबटाकडे गेलो ना आगीकडे, श्वासाकडे गेलो. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंतला ‘प्राण’ आधीपासून भाषेत होता, त्यालाच हा नवा अर्थ दिला. नायट्रोजनचं फ्रेंच नाव ‘अझोत’ नेमकं उलट आहे, त्याचा अर्थ ‘जीवन नसलेला’. (आपले शेतकरी खताबद्दल बोलताना त्यालाच नत्र म्हणतात.)

बातमीत, बोलण्यात प्राणवायू अगदी योग्य. रसायनशास्त्र लिहिताना मात्र मी ऑक्सिजनच लिहीन, कारण ऑक्साइड, ऑक्सिडीकरण हे शब्द त्याच्याच घरातले आहेत. डेन्मार्कमध्येही हेच झालंय : रोजच्या बोलण्यात इल्ट, रसायनशास्त्राच्या नामावलीत ऑक्सिजन.