[मंडळ-यादी] हवाईयन गाणी: नवे अल्बम आणि एप्रिलमधल्या तीन रात्री

प्रेषक: अविनाश (फ्रीमाँट)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

परवा हळदीकुंकवाला मी मागे हळू आवाजात जी गाणी लावली होती ती कुणाची, असं चार-पाच जणांनी विचारलं. गडबडीत नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. पत्र लांबेल, पण सवडीने वाचा.

ती गाणी कलानी पेआ यांची. हवाईच्या मोठ्या बेटावरच्या हिलो गावचा हा गायक. अल्बमचं नाव 'कुइनी', म्हणजे राणी. २०२५च्या फेब्रुवारीत याला ग्रॅमी मिळालं. आधीची तीन २०१७, २०१९ आणि २०२२ सालची, म्हणजे हे चौथं. पुरस्काराचं एवढं कौतुक सांगण्याचं कारण वेगळं आहे. हवाईयन संगीताचं स्वतंत्र ग्रॅमी २००५ साली सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी ते गिटारवादनाच्या एका संकलनाला गेलं. तिथली भाषा गळ्यात घेऊन गाणारी माणसं हळहळली. २०११ नंतर तो विभागच बंद झाला. आता अमेरिकेतल्या सगळ्या प्रादेशिक संगीताच्या एकाच विभागात, लुईझियानाच्या झायडेकोसारख्या प्रकारांच्या बरोबरीने उभं राहून हा माणूस हवाईयन भाषेतली गाणी घेऊन चार वेळा जिंकला. मला याचा फार आनंद वाटतो.

माझंच सांगतो. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साली पुण्यात सदाशिव पेठेत मी 'हवाईयन गिटार' शिकायला जात असे. गिटार मांडीवर आडवी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात स्टीलचा बार. बार तारेवर दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, कारण दाबला की तार गिटारच्या गळ्यावरच्या पट्टीला (फ्रेटला) लागून खरखरते. तो पट्टीच्या बरोबर वर हवा, दोराभर मागे राहिला तरी सूर उतरतो. आणि बारामागची तार करंगळीने अलगद झाकायची, नाहीतर ती मागे झणझणत राहते. थंडीत सकाळी तो बार हातात घेतला की बोटं बधिर व्हायची. हजारा सिंग आणि व्हॅन शिपली यांच्या रेकॉर्ड ऐकून आम्ही सिनेमाची गाणी बसवत असू. वाद्याच्या नावात हवाई होतं, आणि हवाईचं एकही गाणं मला येत नव्हतं. ती माणसं काय गातात, कुठल्या भाषेत गातात, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर ऐकायला लागलो आणि ही चूक फार उशिरा कळली, याचं वाईट वाटतं.

तेव्हा ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी आधी गाणारे ऐका. रायातेआ हेल्म या मोलोकाई बेटावरच्या गायिकेचा 'अ लेगसी ऑफ हवाईयन साँग अँड स्ट्रिंग' मला 'कुइनी'इतकाच आवडला. शंभर वर्षांपूर्वीच्या स्ट्रिंग बँडच्या धर्तीवर तो बांधलाय. तिचा आवाज छातीतून वर जाताना जिथे तुटतो ती जागा नीट ऐका. आपल्याकडे गुरू ती फट बुजवायला शिकवतात. तिथे ती मुद्दाम उघडी ठेवतात, तिला 'हाइ' असं नाव आहे आणि तोच अलंकार. पहिल्यांदा ऐकताना मला ती चूक वाटली होती. आता तीच जागा ऐकायला मी गाणं मागे नेतो.

उकुलेले (हवाईची चार तारांची छोटी गिटार) आवडत असेल तर जेक शिमाबुकुरो आणि मिक फ्लीटवूड यांचा २०२४ सालचा 'ब्लूज एक्स्पीरियन्स' आहे. वादन उत्तम आहे, पण तो ब्लूज आहे, हवाईची गाणी त्यात शोधू नका.

आता कार्यक्रम. हिलोचा मेरी मोनार्क हा हुला, म्हणजे हवाईयन नृत्याचा महोत्सव यंदा ५ ते ११ एप्रिल, दरवर्षीप्रमाणे ईस्टरपासून. बुधवारची रात्र विनामूल्य असते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार या स्पर्धेच्या रात्री. तिकिटं मिळणं जवळजवळ अशक्य, पण प्रक्षेपण इंटरनेटवर दिसतं. ते बघायला आमच्या घरी कोण कोण येणार ते कळवा.

अविनाश


प्रेषक: मेघना (सनीव्हेल)
मंगळवार, सकाळी ७.१५

अविनाशकाका,

पत्र दोनदा वाचलं. मुलीला शाळेत सोडताना गाडीत 'कुइनी' लावला, ती चक्क गप्प बसून ऐकत होती.

दोन गोष्टी. एक, 'स्लॅक की' असं एक नाव सारखं समोर येतंय. ती तुमचीच मांडीवरची गिटार का? दुसरी जरा मनाला लागलेली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सहलीला आपण 'हवाईयन नाइट' केली होती. प्लास्टिकचे हार, कागदाच्या छत्र्या, गवताचे घागरे, सगळी खरेदी मीच केली होती. गाणी सगळी हिंदी होती, तिथलं एकही नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. आपल्या पैठणीचे कुणी असे कागदी तुकडे वाटले असते तर मला कसं वाटलं असतं?

मेघना


प्रेषक: अविनाश
मंगळवार, दुपारी १.०५

मेघना,

तू मनाला लावून घेऊ नकोस, त्या रात्री आम्ही सगळेच होतो. यंदा नीट करू.

स्लॅक की वेगळी. ती नेहमीसारखी छातीशी धरून बोटांनीच वाजवतात, बार नाही. १८३०च्या दशकात माजलेली गुरं आवरायला हवाईच्या राजाने मेक्सिकन गुराखी आणवले, त्यांच्याबरोबर गिटार आली. बेटावरच्या लोकांनी तारा आपल्या गळ्याला बसतील अशा सैल केल्या. हवाईयन भाषेत 'की होआलू' म्हणजे खुंटी सैल करणं.

तुझ्या घरी गिटार आहे ना? मग आजच करून बघ. सहावी तार एक स्वर खाली आण, पाचवी एक स्वर खाली, पहिली एक स्वर खाली. बाकी तिघींना हात लावू नकोस. आता चौथी मोकळी... थांब, आपल्या भाषेत सांगतो. पाचवी तार सा धरलीस तर खालून वर असं येईल: प सा प सा ग प. सगळ्या तारा मोकळ्या छेड. मला पहिल्यांदा ते ऐकताना तानपुऱ्याशेजारी बसल्यासारखं झालं. अंगठा खालच्या तारांवर प-सा चालू ठेवतो, बाकीची बोटं वर गाणं म्हणतात.

आणि या जुळणीचं नाव काय माहीत आहे? 'टॅरो पॅच'. टॅरो म्हणजे आपलं अळू. अळूचं खाचर! त्यांच्याकडे अळवाला 'कालो' म्हणतात. त्याचा कंद कुटून 'पोई' करतात, पानांत मांस-मासे गुंडाळून वाफवतात. त्यांच्या पुराणात अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पूर्वी या जुळण्या घराघरांत झाकून ठेवत. कुणी ऐकायला आलं की तारा उतरवून ठेवायचे, असं जुने वादक सांगत. घराण्यातली चीज बाहेर जाऊ नये म्हणून जपणारे बुवा आपल्याकडेही होतेच.

गॅबी पाहिनुईपासून सुरुवात कर. होनोलुलूत रस्त्याच्या कामावर राबणारा माणूस, १९८० साली गेला. १९४६च्या सुमारास त्याने 'हिइलावे' ध्वनिमुद्रित केलं. वाइपिओ दरीतल्या धबधब्याचं गाणं, वरवर निसर्गाचं. आत एक प्रेमप्रकरण आहे, आणि चिवचिवणारे पक्षी म्हणजे त्यावर कुजबुजणारा गाव. अशा आतल्या अर्थाला ते 'काओना' म्हणतात. शेवटच्या कडव्यात बहुतेक गाण्यांत 'हाइना' हा शब्द येतो. तो आला की संपत आलं हे सगळ्यांना कळतं, 'तुका म्हणे' ऐकल्यावर आपला हात टाळ थांबवायला तयार होतो तसं.

अविनाश


प्रेषक: प्रभाकर (सॅन रामोन)
मंगळवार, रात्री १०.३०

चि. अविनाश, चि. मेघना व सर्व मंडळी,

माझं बालपण कलकत्त्यात गेलं, वडील तिथे नोकरीला होते. तिथे घरोघरी हवाईयन गिटार होती. पूजेच्या दिवसांत प्रत्येक मंडपातून सुनील गांगुलींच्या गिटारवरची गाणी ऐकू यायची. ती तिथे आली कशी हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, ते इथे नोंदवून ठेवतो.

ओआहू बेटावर लाइए नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ केकुकू, जन्म १८७४. शाळकरी वयात त्याने तारेवरून पोलाद सरकवून सूर काढायची रीत बसवली, असं मानतात. रुळांजवळ सापडलेला बोल्ट तारेला लागला आणि सुचलं, अशी आख्यायिका आहे. १९०४ साली त्याने बेट सोडलं. १९३२ साली वारला तो न्यू जर्सीत, डोव्हरला त्याचं दफन झालं. आपल्यातल्या किती जणांचे भाचे-पुतणे तिथून तासाभराच्या अंतरावर राहतात!

त्याच लाइएत वाढलेला टाऊ मो, जन्माने सामोआचा. १९२८ साली बायको रोझबरोबर वाजवत-गात जगाच्या फेरीवर निघाला. महायुद्धाच्या काळात हे कुटुंब काही वर्षं कलकत्त्यात राहिलं. तिथे 'अलोहा बॉइज' नावाचा वाद्यवृंद गाजवणाऱ्या गार्नी निसने त्याच्याकडून विद्या घेतली. पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी त्या गिटारवर राग उभा केला. संतूर, बासरी आणि त्यांची गिटार असलेली १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात असेल. काबरांचे गुरू अली अकबर खाँसाहेब, ज्यांचं विद्यालय इथे सॅन राफेलला आहे. नंतर विश्वमोहन भट्टांनी तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) जोडून मोहनवीणा केली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. हाच कूडर सत्तरच्या दशकात अविनाशच्या गॅबीबरोबर वाजवत होता.

आजची माझी शिफारस एकच. कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य यांचा 'हवाई टू कॅलकटा' ऐका. टाऊ मोला वाहिलेला आहे. तो ऐकताना मला आमच्या वाड्याच्या जिन्यावर बसून शेजारच्या दादाची तालीम ऐकायचो ते आठवलं. आणि टाऊ-रोझ म्हातारपणी लाइएला परतल्यावर गिटारवादक बॉब ब्रोझमनने त्यांना पुन्हा गायला लावलं, तीही तबकडी मिळाली तर सोडू नका.

प्रभाकरकाका


प्रेषक: रोहन (ओकलंड)
बुधवार, सकाळी ८.५०

होनोलुलूला जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी इओलानी राजवाड्याच्या आवारात रॉयल हवाईयन बँड वाजवतो, विनामूल्य. आम्ही झाडाखाली गवतावर बसून ऐकला. १८३६ सालापासूनचा बँड आहे.

१८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत केल्यावर या बँडच्या वादकांनी नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. पगार गेला. सही केली नाहीत तर दगड खावे लागतील, असं त्यांना सुनावलं गेलं. राणीच्या मैत्रिणीने, एलन प्रेंडरगास्टने, त्यांच्यासाठी गाणं लिहिलं: आम्हाला आमच्या भूमीचे दगड पुरेसे आहेत. 'काउलाना ना पुआ' ते हेच. चाल इतकी गोड आहे की शब्द न कळणाऱ्याला प्रेमगीत वाटावं. यावर हुला करू नये असं तिथले जुने लोक मानतात. काका, आपल्या कार्यक्रमात हे लावलं तर उभ्याने किंवा शांत बसून ऐकू या, नाच नको.

रोहन


प्रेषक: शिल्पा (मराठी शाळा)
बुधवार, रात्री ९.२०

सर्वांना नमस्कार,

रोहनने लिहिलं त्याच्या पुढची गोष्ट मला मुलांना सांगायची आहे. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. हवाईयन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायच्या. दोन पिढ्यांत घरातली भाषा आजीपाशी येऊन थांबली. १९७८ साली ती पुन्हा राज्यभाषा झाली आणि १९८४ साली पहिली 'पूनाना लेओ' बालवाडी निघाली. नावाचा अर्थ आवाजाचं घरटं. कलानी पेआ अशाच हवाईयन माध्यमाच्या शाळेत शिकून निघालेले. म्हणजे अविनाशकाका ज्या अल्बमबद्दल लिहितायत तो त्या बालवाड्यांना आलेलं फळ आहे.

रविवारी मी वर्गात त्यांचं एक गाणं ऐकवणार आहे. आमच्याकडे सात-आठ वर्षांची मुलं 'मराठी कशाला शिकायची' असं विचारतात आणि मला दर वेळी चांगलं उत्तर देता येत नाही. या वेळी आधी गाणं लावीन, मग बोलेन. कुणाकडे शब्दांचा अर्थ नीट लिहिलेला असेल तर पाठवा, अर्धवट सांगायचं नाही मला.

शिल्पा


प्रेषक: अविनाश
गुरुवार, सकाळी ११.३०

शिल्पा, अल्बमबरोबर शब्द आणि अर्थ दोन्ही येतात. छापून उद्या तुझ्या घरी टाकतो. स्वरांवरची आडवी रेघ मुलांना दाखव, ती दीर्घ उच्चाराची खूण. आणि उलट्या स्वल्पविरामासारखी खूण दिसेल तिथे आवाज क्षणभर घशात अडवायचा. ते अक्षरच आहे त्यांच्याकडे. ते गाळलं तर शब्द बदलतो, आपल्या 'दिन' आणि 'दीन'सारखा.

रोहन, मान्य. ते गाणं शेवटी, आणि दिवे पूर्ण लावून.

प्रभाकरकाका, तुम्हाला आणायला मी येईन. जिन्यावरच्या तालमीबद्दल आणखी ऐकायचं आहे.

आता बेत पक्का. शनिवार, ११ एप्रिल, माझ्या घरी. हिलोला संध्याकाळी सहाला सुरू होतं म्हणजे आपल्याकडे रात्री नऊ. त्या रात्री आधुनिक हुला असतो, गाणारे आणि वाजवणारे प्रत्यक्ष मंचावर बसलेले दिसतात, म्हणून तीच रात्र निवडली. शुक्रवारी प्राचीन हुला, फक्त ढोल आणि मंत्रासारखं पठण. ज्यांना जागता येईल त्यांनी तोही बघावा, मी दोन्ही रात्री जागाच आहे. कार्यक्रम मध्यरात्रीच्या पुढे जाईल, लहान मुलांसाठी वरच्या खोलीत गाद्या घालून ठेवतो. सात वाजता या, आधी जेवण आणि दोन तास ऐकणं. मी पुण्याहून आणलेली गिटार काढून तारा बदलल्या आहेत. ज्याला बार हातात धरून बघायचा असेल त्याने बघावा.

हार घालायचे तर खऱ्या फुलांचे. आमच्या अंगणात तोवर मोगरा येईल असं वाटतं, तिथेही मोगऱ्याचेच करतात, 'पिकाके' म्हणतात. मेघना, सुई-दोरा घेऊन लवकर ये, आणि तुझ्या आईच्या हातच्या अळूवड्या. गाड्या पुढच्या गल्लीत लावा, आमच्या समोर शनिवारी जागा नसते.

अविनाश