मदत हवी आहे: फिरत्या पाळ्यांचे वेळापत्रक कसे आखावे?

आमच्या विभागात चोवीस तास काम चालते आणि तिन्ही पाळ्यांचे वेळापत्रक आखण्याची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्येच उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली होती. आमचे तास कागदावर तीत बसतात, परंतु रात्रपाळी संपवून दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर होणाऱ्या सहकाऱ्यांची झोप पुरी होत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला तुलनेने सोसतो. ज्यांनी तो प्रत्यक्ष राबवला आहे, त्यांनी पाळी आठवड्याने बदलली की दोन-तीन दिवसांनी, आणि रात्रपाळीनंतर किती तास विश्रांती दिली, हे कृपया सविस्तर सांगावे.