जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं आहे का, घरच्या घरी कसं कळणार?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी, पन्नासेक वर्षं जुनं घर घेतलंय. खिडक्या-दारांवर ऑइल पेंटचे इतके हात बसलेत की चौकटीच्या कडा गोल झाल्यात. मुलगा सव्वा वर्षाचा, धरून धरून चालतो, आणि त्याची लाडकी जागा म्हणजे हॉलमधल्या बुटक्या खिडकीची खालची पट्टी, तिथे गाडी फिरवत बसतो. काल गाडीची चाकं पांढरट दिसली म्हणून बघितलं तर झडप चौकटीला घासते तिथे रंगाची बारीक पूड साचलेली. पेंटर म्हणतो मशीनने घासून लांबी भरतो, दोन दिवसांचं काम. बायकोने शिशाचं वाचलं म्हणून टेस्ट किट आणली, काडी घासली, रंग काही बदलला नाही. मग सुटलो ना?

घासकाम:
पहिलं काम, पेंटरला थांबवा, मशीनने घासलं की हीच पूड घरभर होते. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.
आता किटचं. काडी तुम्ही वरच्यावर घासली असणार, म्हणजे टेस्ट झाली सगळ्यात नव्या थराची. शिसं असतं खाली. ब्लेडने तिरका छेद द्यायचा, लाकूड दिसेपर्यंत, सगळे थर एकाखाली एक दिसले पाहिजेत, मग त्या छेदावर काडी. आमच्याकडे वर क्रीम, खाली हिरवा, त्याखाली पिवळा आणि तळाला शेंदरी निघाला, काडी वरच्या दोन थरांवर गप्प आणि खाली लगेच गुलाबी. पिवळ्या-केशरी-हिरव्या भडक ऑइल पेंटवर जास्त संशय घ्यायचा कारण लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य त्यासाठीच वापरायचे. तळाच्या शेंदरी प्रायमरमध्ये रेड लेड, म्हणजे शिशाचं, असू शकतं, रेड ऑक्साइड वेगळं, ते लोखंडाचं, पण नुसतं बघून दोघांतला फरक सांगता येत नाही.

मोजून_सांगतो:
वरच्यांशी सहमत पण छेद देऊनही किटवर विसंबू नका. गुलाबी होणाऱ्या काडीला प्लास्टरमधलं जिप्सम नडतं, शिसं असून रंग येत नाही. दुसरं म्हणजे अमेरिकेत जुन्या रंगाला शिसंवाला म्हणायची हद्द वजनाच्या ०.५ टक्के म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाख भागांत पाच हजार) आहे आणि बऱ्याच किट त्याच हिशोबाने पारखलेल्या असतात. नव्या रंगाला मर्यादा ९० पीपीएम (भारतात हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून), त्यामुळे "किटवर आलं नाही" आणि "शिसं नाही" यात केवढी दरी आहे बघा.
खात्रीच करायची तर दोन रस्ते. एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांनी तपासणारं मशीन रंगाला टेकवतात, खरवडावं लागत नाही, सगळे थर धरून आकडा येतो, तो १ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर किंवा वर गेला की अमेरिकेच्या हिशोबाने शिशाचा रंग. नाहीतर पोपडा लॅबला पाठवा, सगळे थर यायला हवेत पण लाकूड-प्लास्टर कमीत कमी, नाहीतर टक्केवारी उगाच कमी दिसते.
आणि माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये रंगाच्या आधी धुळीची टेस्ट करा. ओल्या वाइपने ठरावीक मापाची जागा पुसून तो वाइपच लॅबला देतात, एक जमिनीचा, एक खिडकीच्या पट्टीचा. घट्ट बसलेला, न उडालेला रंग भिंतीवर पडून राहतो, पोराच्या पोटात जाते ती पूड.

जुनाजाणता:
अहो आम्ही सगळे असल्याच घरात वाढलो, काय धाड भरली? उगाच घाबरवायचे धंदे, एक हात नवीन मारा आणि विषय संपवा.

घासकाम:
काका, धाड भरली की नाही हे कळतच नाही ना, तोच तर त्रास आहे. मूल हसतं-खेळतं दिसतं आणि परिणाम पुढे अभ्यासात, लक्ष लागण्यात दिसतो. लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतं, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. आणि घासणाऱ्या झडपेवर नवा हात मारून काय होणार, महिन्याभरात तो घासून खालचा परत उघडा. झडप रंधून सैल करावी लागते नाहीतर बदलावी लागते, आणि रंधायची तीही पाणी मारून, मूल घरात नसताना.

मोजून_सांगतो:
@खिडकीपाशी मुलाचं रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना ब्लड लेड म्हणून सांगा. बोटाला टोचून घेतलेल्यात जास्त आलं तर लगेच हबकू नका, बोटावरच्या धुळीनेही आकडा चढतो, शिरेतून घेतलेल्या रक्तावर खात्री करतात. अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर गेलं की लक्ष घालतात.

खिडकीपाशी:
पेंटरला नको सांगितलं, चिडला जरा. रात्री छेद देऊन बघितलं, पाच थर निघाले, चौथा पिवळा, त्यावर काडी गुलाबी :( पोपडा आणि दोन वाइप लॅबला देतोय, रक्ताचं उद्या सकाळी. तोवर ती पूड झाडून टाकू का?

घासकाम:
झाडू अजिबात नको, घरचा साधा व्हॅक्यूमही नको, बारीक पूड मागच्या बाजूने हवेत फेकतो तो. आधी पट्टीवरचा वाइप लॅबसाठी घ्या, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदी टॉवेलने खोबण पुसा, एक घडी एकदाच, मळली की पिशवीत, पिशवीला गाठ. शेवटी साध्या पाण्याने परत. मग झडप लावून टाका, उघडूच नका, आणि पट्टीसमोर सोफा सरकवा. गाडी धुवा, चाकांच्या आत बोळा घालून, आमच्या पोरीच्या गाडीत तिथेच सगळ्यात जास्त निघाली होती.