देवगिरी अभेद्य होता, तर त्याचे धनी इतक्या वेळा कसे बदलले?

प्रश्न

देवगिरी ऊर्फ दौलताबाद पाहून आल्यापासून एक विसंगती मनात घोळत आहे. डोंगराच्या कडा तासून उभा केलेला कातळ, त्याच्या पायथ्याशी खोदलेला खंदक आणि वर जाण्यासाठी एकच काळोखी वाट, असा हा दुर्ग चढाई करून घेणे जवळजवळ अशक्यच वाटते. तरीही यादवांनंतर खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि निजाम अशा सत्ता तेथे एकामागून एक आल्या आणि मधल्या काळात तो मराठ्यांकडेही होता. बांधणीतच काही उणीव होती, की कारण वेगळे आहे?

प्रतिसाद १

उणीव बांधणीत नव्हती, कोठारात होती. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी, जो तेव्हा सुलतान नसून कडा प्रांताचा सुभेदार होता, अचानक चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. यादव राजा रामचंद्रदेवाने गडाचा आश्रय घेतला. परंतु घाईघाईने वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत इतिहासकार फरिश्त्याने दिली आहे. ती थोडी रंगवलेली असेलही, पण रामचंद्रदेवाला तह का करावा लागला, ते ती नेमके सांगते.

याहून बोलके उदाहरण अहमद निजामशहाचे आहे. त्याने वेढ्यावर वेळ न दवडता अहमदनगर वसवून तेथे तळ ठेवला आणि दरवर्षी खरीप व रब्बीच्या हंगामात सैन्य पाठवून दौलताबादच्या परिसरातील उभी पिके उद्ध्वस्त करवली. १४९९ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला.

प्रतिसाद २

१६३३ चा वेढाही याच मालिकेत बसतो, मात्र तेथे सुरुंगांचाही वाटा मोठा आहे. मोगल सरदार महाबतखानाने अंबरकोट आणि त्यामागील महाकोट या पायथ्याच्या तटांना सुरुंग लावून भगदाडे पाडली. आदिलशाही सैन्य व शहाजीराजे बाहेरून धान्य आत पोहोचवण्याचा प्रयत्न करत होते, पण नुकत्याच येऊन गेलेल्या भीषण दुष्काळामुळे मुलखातच धान्य उरले नव्हते. अखेरीस निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान याने साडेदहा लाख रुपये घेऊन किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. प्रत्यक्ष बालेकिल्ल्यावर चढण्याची वेळ मोगलांवर आलीच नाही.

प्रतिसाद ३

एक उलट उदाहरण नोंदवावेसे वाटते. १३४७ मध्ये दख्खनच्या अमिरांनी बंड करून याच किल्ल्यात आसरा घेतला आणि खुद्द मुहम्मद तुघलकाने वेढा घातला. गुजरातेत दुसरे बंड उठल्यामुळे त्याला निघून जावे लागले, मागे राहिलेली फौज हटवली गेली आणि त्याच वर्षी हसन गंगूने बहमनी राज्य स्थापन केले. वेढा घालणाऱ्याची घाई हीसुद्धा किल्ल्याची तटबंदीच म्हणायची.

प्रश्नकर्ता

धान्याचे समजले. पाण्याचे काय?

प्रतिसाद १

कातळात टाकी आहेत, परंतु सर्वांत मोठा साठा म्हणजे हत्ती हौद खाली, महाकोटाच्या आत आहे. त्यामुळे खालचे कोट पडले की वरच्या शिबंदीचे दिवस मोजकेच उरत असावेत, असे माझे मत आहे. अंधारीच्या, म्हणजे त्या काळोख्या वाटेच्या, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर निखारे पेटवून आत धूर कोंडण्याची जी सोय होती, ती चढून येणाऱ्या शत्रूसाठी होती. खाली स्वस्थ बसून राहणाऱ्या शत्रूवर तिचा काहीच उपयोग नव्हता.

मराठ्यांना तर वेढादेखील घालावा लागला नाही. १७६० मध्ये उदगीर येथे निजामाचा पराभव झाल्यावर दौलताबाद त्यांना तहाच्या कलमाने मिळाला.