मदत हवी आहे: नाताळच्या बोलिन्हा दगडासारख्या कडक होत आहेत

काजूबी | १९ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. २४ तारखेच्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटे पोहोचवायची आहेत, त्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे. नेवऱ्या आणि कुलकुल तयार आहेत, दोदोल गोव्याहून येणार आहे, पण बोलिन्हा काही केल्या जमत नाहीत. दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा वास उत्तम आला, रंगही आला, परंतु गार झाल्यावर त्या इतक्या कडक झाल्या की माझ्या सासऱ्यांना दातांनी तोडताही आल्या नाहीत. कृती सासूबाईंच्या वहीतली आहे, म्हणजे कृतीत चूक असणे शक्य नाही. सगळे जिन्नस वहीत लिहिल्याप्रमाणेच घेतले होते. मला दुसरी कृती नको आहे. हीच कुठे बिघडते आहे तेवढे सांगावे.

पणजीकाठ | २० डिसेंबर, सकाळी ७:०५

वहीत काय लिहिले आहे ते आम्हाला दिसत नसल्यामुळे उत्तर देणे कठीण आहे. रवा बारीक घेतला की जाड? नारळ ओला होता की पाकिटातले सुके खोबरे? पाक किती तारी केला, अंडी पूर्ण घातली की फक्त बलक, आणि पीठ किती वेळ मुरू दिले? ओव्हन कोणता आहे आणि किती अंशांवर किती मिनिटे भाजल्या, हेही लिहावे. बोलिन्हा बिघडण्याची कारणे बहुतेक वेळा याच प्रश्नांच्या उत्तरांत सापडतात.

तुळशीवृंदावन | २० डिसेंबर, सकाळी ८:२०

बोलिन्हा म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगेल का? वर्णनावरून आमच्या रवा-नारळाच्या लाडवांना भट्टीत घातल्यासारखा प्रकार वाटतो. अंड्याशिवाय करता येत असल्यास मला त्याची कृती हवी आहे, आमच्याकडे अंडे चालत नाही.

पणजीकाठ | २० डिसेंबर, सकाळी ८:४५

तुळशीवृंदावन, आपला अंदाज बराचसा बरोबर आहे. पोर्तुगीज भाषेत बोलिन्हा म्हणजे लहानसा गोळा. साखरेच्या पाकात वाटलेला नारळ आणि रवा शिजवून, त्यात बलक मिसळून, चपट्या केलेल्या गोळ्यांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढून त्या भाजतात. वरून खुसखुशीत आणि आतून किंचित ओलसर, अशी त्यांची खरी ओळख असते. अंड्याशिवाय मी कधी केलेल्या नाहीत, त्यामुळे त्याविषयी खात्रीने सांगू शकत नाही.

राइनकाठ | २० डिसेंबर, दुपारी १:३०

मी गेली नऊ वर्षे जर्मनीत राहते आणि इथे नोव्हेंबरच्या अखेरीस घरोघरी नाताळची बिस्किटे सुरू होतात. वेळ इतका कमी असताना पाकाच्या प्रकारात अडकण्याऐवजी आपण व्हानिलेकिप्फेर्ल कराव्यात, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. २८० ग्रॅम मैदा, २१० ग्रॅम थंड लोणी, ७० ग्रॅम पिठीसाखर आणि १०० ग्रॅम बदामाची पूड एकत्र मळून गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, मग बोटाएवढ्या लांबीच्या चंद्रकोरी वळून १७५ अंशांवर १०-१२ मिनिटे भाजायच्या आणि गरम असतानाच हलक्या हाताने व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायच्या. पाक नाही आणि अंडेही नाही, म्हणजे तुळशीवृंदावन यांचीही सोय होईल.

काजूबी | २० डिसेंबर, दुपारी २:१५

राइनकाठ, आपण आपुलकीने लिहिलेत याबद्दल आभार, परंतु मी पहिल्याच प्रतिसादात दुसरी कृती नको असे लिहिले होते. आमच्या वाड्यातल्या ज्या चार घरांतून गणपतीत आणि दिवाळीत आमच्याकडे फराळाची ताटे येतात, त्या घरांत गेली बावीस वर्षे सासूबाईंच्या बोलिन्हा गेल्या आहेत. सासूबाई मे महिन्यात वारल्या. यंदा ताटात बोलिन्हाच हव्यात.

पणजीकाठ, वहीतला मजकूर असा आहे: एक नारळ, एक माप बारीक रवा, एक माप साखर, तीन अंडी, दोन डाव तूप, वेलची, चिमूटभर मीठ, पाक करून नारळ व रवा शिजवणे, थंड झाल्यावर अंडी घालणे, मंद भट्टीत भाजणे. मी एवढेच केले.

जुनी_भट्टी | २० डिसेंबर, दुपारी ४:००

माझे वडील बेकरीत कामाला होते, त्यामुळे या गोष्टी मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. बिस्किट कडक होते कारण त्याला फुगवणारे काही नसते. आपल्या कृतीत सोडा नाही आणि बेकिंग पावडरही नाही. बेकरीत मिळणारा अमोनिया पाव चमचा घाला, नानकटाईसारख्या अलगद फुटतील. एवढा साधा उपाय असताना इतर चौकशांची आवश्यकता मला वाटत नाही.

वजनकाटा | २० डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

जुनी_भट्टी, आपला अनुभव मोठा आहे, तरीही हा उपाय इथे चालणार नाही असे मला वाटते. बेकरीतला अमोनिया तापल्यावर पूर्णपणे वायूत आणि वाफेत बदलतो, आणि तो वायू बाहेर पडून गेला पाहिजे. पातळ, कोरड्या बिस्किटांतून तो सहज निघून जातो. बोलिन्हा जाड असते आणि आत ओलसर राहते, त्यामुळे वायूचा काही भाग आतल्या ओलाव्यात अडकून राहतो आणि खाताना उग्र वास येतो. शिवाय नानकटाईचा भुसभुशीतपणा मुख्यतः भरपूर तुपामुळे येतो. इथे तूप दोनच डाव आहे आणि मऊपणा नारळातून आणि बलकातून येतो. काजूबी यांची अडचण फुगण्याची नसून ओलाव्याची आहे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

काजूबी, दोन गोष्टी अजून आपण सांगितलेल्या नाहीत: माप म्हणून कोणते भांडे घेतले आणि नारळ कोणता वापरला?

जुनी_भट्टी | २० डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

बेकरीतल्या जाड बिस्किटांतही अमोनिया घालत असत आणि गिऱ्हाइकांनी कधी वासाची तक्रार केल्याचे मला आठवत नाही. अर्थात ती बिस्किटे पूर्ण कोरडी होत, हे मान्य करतो.

काजूबी | २० डिसेंबर, रात्री ९:२०

माप म्हणून माझ्याकडचा नेहमीचा २४० मिलीचा कप घेतला. नारळ खोवून वाटण्यास वेळ नव्हता, म्हणून २०० ग्रॅमचे सुक्या खोबऱ्याच्या किसाचे पूर्ण पाकीट घातले, कारण एका नारळाचे तेवढेच होत असेल असे वाटले. अंडी पूर्ण घातली. पाकासाठी अर्धा कप पाणी घेतले आणि वहीत तार लिहिलेली नसल्यामुळे चांगला घट्ट होऊ दिला. ओव्हन म्हणजे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे. मंद भट्टी म्हणजे किती ते कळले नाही, म्हणून १८० अंशांवर ठेवले. वीस मिनिटांनी पाहिल्या तेव्हा हाताला मऊ लागल्या, कच्च्या राहतील या भीतीने आणखी बारा मिनिटे भाजल्या. हे सगळे इतके महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

वजनकाटा | २० डिसेंबर, रात्री १०:३०

आता चित्र स्पष्ट झाले. आपल्या वहीत रवा आणि साखर मापाने दिली आहे, पण नारळ नगावर दिला आहे. माप कितीही मोठे घेतले तरी रवा आणि साखर यांचे एकमेकांशी प्रमाण तेच राहते. नारळ मात्र मापाबरोबर वाढत नाही. सासूबाईंचे माप आपल्या कपापेक्षा मोठे असण्याची दाट शक्यता आहे. मध्यम नारळाचा खोवलेला चव साधारण २५० ते ३०० ग्रॅम भरतो आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असतो, तर पाकिटातल्या किसात पाणी नाममात्रच असते. २०० ग्रॅम सुका कीस घालताना आपण एका नारळापेक्षा जास्त खोबरे घातले आणि त्याच वेळी नारळातले सगळे पाणी वगळले. त्या कोरड्या किसाने पाक शोषून घेतला आणि रव्याला भिजण्यासाठी काहीच उरले नाही. न भिजलेला रवा ओव्हनमध्ये फुलत नाही, तो नुसता वाळतो.

दुसरे कारण पाक. पाक जितका जास्त आटतो तितके त्यातले पाणी कमी होते आणि गार झाल्यावर तो तितका कडक बसतो. चिक्कीचा पाक कडक होतो तो याच नियमाने. बोलिन्हांसाठी एकतारी होण्याच्या थोडे आधीच गॅस बंद करावा.

तिसरे कारण भाजणे. कोणतेही बिस्किट गरम असताना मऊच लागते, कारण तूप आणि साखर दोन्ही त्या वेळी पातळ असतात; ते जाळीवर गार होताना घट्ट होते. ओव्हनमध्येच घट्ट लागेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ते दगड होणारच. कन्व्हेक्शनच्या, म्हणजे पंख्याच्या, ओव्हनमध्ये उष्णता अधिक जोरात लागते, म्हणून १६० अंश ठेवावेत, आधी दहा मिनिटे ओव्हन तापवून घ्यावा, आणि कडा व रेघांचे उंचवटे सोनेरी झाले की, साधारण १६ ते १८ मिनिटांत, ट्रे बाहेर काढावा.

वजनाने घ्यायचे झाल्यास बारीक रवा २५०, ओला नारळ २५०, साखर २५० आणि तूप ५० ग्रॅम, पाकाला सव्वाशे मिली पाणी, आणि तीन बलक. सुकाच कीस वापरायचा असेल तर १३० ग्रॅम घेऊन १२० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घ्यावा.

पणजीकाठ | २१ डिसेंबर, सकाळी ६:५०

वजनकाटा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण सुका कीस भिजवून घेण्याला माझा विरोध आहे. भिजवल्याने पाणी परत येते, परंतु ओल्या नारळाचा दुधाळपणा परत येत नाही, आणि बोलिन्हांची चव त्यातच असते. नारळ ओलाच घ्यावा, काळी पाठ काढून पांढरा भाग पाणी न घालता रवाळ वाटावा. एक पूर्ण अंडे आणि दोन बलक असेही आमच्याकडे करतात. अंड्यातला पांढरा भाग जास्त झाला की मात्र बोलिन्हा चिवट होतात.

मात्र माझ्या मते मुख्य गोष्ट अजून कोणी विचारलेलीच नाही, म्हणजे मी विचारली होती आणि तिचे उत्तर आलेले नाही. काजूबी, पीठ किती वेळ मुरू दिले? रवा-नारळाचे शिजवलेले मिश्रण रात्रभर झाकून ठेवायचे असते आणि बलक दुसऱ्या दिवशी घालायचे असतात. ही पायरी वहीत नसली तरी त्या घरात होतीच.

वसईचा_वारा | २१ डिसेंबर, सकाळी ९:१५

आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती, घरांत रवा, नारळ, बदाम आणि अंड्यांचे असेच मिश्रण तुपाचा हात लावलेल्या थाळीत ओतून भाजतात आणि त्याच्या वड्या पाडतात. त्याला थाळी स्वीट म्हणतात. एकेक गोळा वळणे नाही, कडक होण्याची भीतीही कमी, कारण जाड थरात ओलावा टिकतो. बोलिन्हा पुन्हा बिघडल्या तर तेच पीठ, थोडे दूध घालून सैल करून, थाळीत घालावे. वाया जाणार नाही.

काजूबी | २१ डिसेंबर, सकाळी ११:००

पणजीकाठ, मी पीठ मुरू दिलेच नव्हते. थंड झाले आणि लगेच अंडी घातली. आपला प्रतिसाद वाचल्यावर आठवले की सासूबाई रात्री पातेल्याला कापड बांधून ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून देत असत. आम्हा सगळ्यांना वाटायचे की दिवसभर नेवऱ्या तळून त्या थकलेल्या असतात, म्हणून उरलेले काम सकाळवर टाकतात. त्यांनी कधी कारण सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

त्यांचे माप सापडले आहे. तांदळाच्या डब्यात होते. पितळेचे, कड थोडी चेपलेली. त्यात बारीक रवा भरून वजन केले, तो २६० ग्रॅम भरला. आज दोन नारळ आणले आहेत. रात्री मिश्रण शिजवून ठेवते.

वजनकाटा | २१ डिसेंबर, सकाळी ११:२५

मग त्याच मापाने करावे, माझी वजने बाजूला ठेवावीत. फक्त साखरेबाबत एक सूचना आहे. त्याच मापात साखर रव्यापेक्षा जास्त वजनाची बसते, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या वर जाईल. पूर्ण माप घेतल्यास पाक आणखी सैल ठेवावा. रात्रभर मुरवण्याबाबत पणजीकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे. मी ती पायरी लिहायला हवी होती.

तुळशीवृंदावन | २१ डिसेंबर, दुपारी ३:४०

राइनकाठ यांच्या चंद्रकोरी आज करून पाहिल्या. बदामाची पूड घरी केल्यामुळे थोडी जाडसर राहिली आणि साखरेत घोळवताना चार-पाच मोडल्या, पण चव फार छान आहे. किती वेळ गार होऊ द्यावे?

राइनकाठ | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

ट्रेवरच तीन-चार मिनिटे राहू द्याव्यात आणि मगच साखरेत घोळवाव्यात. पूर्ण गार झाल्या तर साखर चिकटत नाही, म्हणून त्याहून जास्त थांबू नये.

काजूबी | २२ डिसेंबर, दुपारी १२:५०

तिसरी खेप झाली. सासूबाईंच्या मापाने रवा आणि साखर, एक मोठा ओला नारळ, एकतारीच्या आधीचा पाक, रात्रभर मुरवणे, सकाळी एक अंडे आणि दोन बलक घालून पुन्हा तासभर विश्रांती. १६० अंशांवर १७ मिनिटांनी पहिला ट्रे काढला, तेव्हा त्या इतक्या मऊ होत्या की परत आत ठेवण्याचा मोह झाला, पण ठेवल्या नाहीत. अर्ध्या तासाने कडा खुसखुशीत झाल्या आणि आत ओलसरपणा राहिला. सासऱ्यांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी बशीत काढून ठेवली. त्यांचे म्हणणे आहे की वेलची कमी पडली आहे, आणि ते बरोबर आहे.

दुसऱ्या ट्रेमधल्या मागच्या रांगेच्या कडा जास्त लाल झाल्या, त्यामुळे पुढचा ट्रे मध्यावर फिरवीन. उरलेले पीठ आज संध्याकाळी भाजणार आहे. पहिल्या दोन खेपांच्या कडक बोलिन्हा अजून डब्यात आहेत. त्या दुधात भिजवून वसईचा_वारा यांनी सांगितल्याप्रमाणे थाळीत भाजता येतील का, की आता त्यांत अंडे शिजलेले असल्यामुळे ते जमणार नाही?

वसईचा_वारा | २२ डिसेंबर, दुपारी १:३०

तसे जमणार नाही, भाजलेले अंडे पुन्हा पीठ बांधत नाही. त्या मिक्सरमध्ये भरड करून कोमट दुधात तासभर भिजवाव्यात, एक नवे अंडे आणि चमचाभर तूप घालून थाळीत १६० अंशांवर पंचवीस मिनिटे भाजाव्यात. साखर मुळीच घालू नये. सुरी घालून पाहावी, कोरडी निघाली की झाले. वेलचीही यात घालता येईल.