ब्लेड लागलं की तुरटी, पेन्सिल की नुसतं बोट?

उलटा_हात (धागाकर्ता): दाढी करताना हनुवटीखाली आठवड्यातून एकदा तरी ब्लेड लागतंच माझं. जखम केसाएवढी, पण भळभळ अशी की पांढरा सदरा घालायची हिंमत होत नाही. इतकी वर्षं टिश्यूचे कपटे चिकटवत आलो. मागे एक कपटा तसाच राहिला आणि मी तासभर मीटिंगमध्ये बोलत होतो. कुणी काही म्हणालं नाही, हे जास्त लागलं. आता तुरटीचा खडा आणलाय. ओला करायचा, अर्धा मिनिट टेकवायचा, रक्त बंद. बाकी सगळं झूट! विरोधी मतं ऐकायला तयार आहे, मत बदलायला नाही.

बोटचेपे: ‘अर्धा मिनिट टेकवायचा’ म्हणता ना, तिथेच सगळं आलं. दाबलं तुम्ही, श्रेय लाटलं खड्याने. कापलं की आधी रक्तवाहिनी स्वतःच आकसते, मग प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तोंडाशी गोळा होऊन बूच बसवतात, आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं ते बूच पक्कं करतं. आपलं काम एवढंच, की ते होईपर्यंत प्रवाह थोपवून धरायचा. स्वच्छ कापड घ्या, दोन-तीन मिनिटं दाबा, आणि मधे उचलून बघू नका. सगळी गोम इथेच आहे. दर दहा सेकंदांनी ‘थांबलं का’ म्हणून बघणारा माणूस प्रत्येक वेळी बूच उपटत असतो. कपट्याचंही तेच. वाळल्यावर ओढलात की खपलीसकट येणार. ओला करून काढा.

उलटा_हात: अहो, तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. तिने जखमेच्या तोंडाशी प्रथिनं साकळतात आणि कातडी आवळली जाते. जिभेला लावून बघा, तोंड कसं आखडतं ते. हे काय बोटाने होतं? आणि सकाळी तीन मिनिटं गळ्याला हात लावून उभं राहायचं म्हणजे शपथ घेतल्यासारखं दिसतं.

घाईतला: दोघेही जुन्या जमान्यातले. स्टिप्टिक पेन्सिल घ्या, म्हणजे रक्त थांबवणारी कांडी. तीही अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचीच किंवा तुरटीचीच असते, पण टोक नेमकं जखमेवर बसतं. खडा अख्ख्या गालावर फिरवायचा आणि नको तिथली कातडी कोरडी करायची, कशाला? शिवाय तुरटीच्या स्फटिकात वजनाने जवळपास ४५ टक्के पाणीच असतं. अवगुण एकच: झोंबते. आणि पांढरा ठिपका राहतो, तो पुसायला विसरू नका, नाहीतर पुन्हा मीटिंग आहेच.

उलटा_हात: पाण्याचा मुद्दा मला टोचला, पण खडा हातातून पडून फुटला तरी प्रत्येक तुकडा चालतो. पेन्सिलीचं तसं नाही.

पातळ_रक्त: तुमचे मिनिटांचे हिशेब निरोगी माणसांचे आहेत. माझ्या हृदयात स्टेंट आहे, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त गोठू न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू. नख लागलं तरी गळती. अ‍ॅस्पिरिन बंद केली तरी आधीच निकामी झालेल्या प्लेटलेट्स बदलायला आठवडा-दहा दिवस जातात, त्यामुळे दाढीपुरती गोळी चुकवण्याचा शहाणपणा कुणी करू नये. मी दहा मिनिटं घड्याळ लावून दाबतो, मग पेन्सिल. आता तर इलेक्ट्रिक शेव्हर घेतलाय. दाढी घोटून होत नाही, खुंट हाताला लागतात. चालतंय.

घाईतला: पेट्रोलियम जेलीचं काय? बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातला मदतनीस खेळाडूच्या फुटलेल्या भुवईवर लावतो की.

बोटचेपे: तो आधी अ‍ॅड्रिनलिनचा बोळा दाबतो, मग जेली. म्हणजे तिथेही दाबणंच!

टाकेवाली: त्वचारोग विभागात परिचारिका आहे, म्हणून थोडं लांबण लावते. बोटचेपे बरोबर आहेत, उलटा_हातही चूक नाहीत. आधी गार पाणी, मग दाब, आणि एवढ्याने भागलं नाही तर तुरटी किंवा पेन्सिल. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, लगेच गरम शेक देऊ नका. आफ्टरशेव्ह नुसता झोंबतो, रक्त थांबवायला त्याचा भरवसा नाही. टूथपेस्ट तर मुळीच नको. आम्ही बायॉप्सीनंतर, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढल्यावर, फेरिक सबसल्फेट वापरतो. रक्त झटकन थांबतं, पण कातडीत तपकिरी डाग राहू शकतो. घरी आणून चेहऱ्याला फासू नका.

एक गोष्ट या धाग्यात कुणीच काढली नाही. खडा असो वा पेन्सिल, ज्याची त्याने वापरायची. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो. घरातल्या तिघांनी एकच खडा फिरवणं म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला लावणं. धुऊन ठेवतो म्हणू नका. आणि तीळ कापला गेला आणि पुन्हा पुन्हा रक्त येत राहिलं, तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

उलटा_हात: खडा धाकट्या भावाबरोबर वापरत होतो. त्याला वेगळा आणून दिला. बाकी मत तेच. फक्त बोटचेप्यांशी तुलना करून बघावी म्हटलं: पुढचा काप नुसता दाबायचा, त्याच्या पुढचा तुरटीने, घड्याळ लावून. आरशापुढे घड्याळ मांडून आज चौथा दिवस. लागतच नाहीये.

बोटचेपे: हात सावकाश चालवत असाल.

उलटा_हात: नवीन ब्लेडही टाकलंय, मोजणी नीट व्हावी म्हणून.