दहावी फिजिक्स: ग्रुपमध्ये मीच चुकीचं शिकवलं, आता एकमेकांचं कसं तपासायचं? मदत हवी आहे

नमस्कार, सगळ्या ताई-दादांना आणि सर-मॅडमना विनंती, जरा मोठं लिहिलंय पण पूर्ण वाचा.

मी दहावीला आहे, महाराष्ट्र बोर्ड, मराठी मीडियम, धनकवडीला राहते. आम्ही सोसायटीतले चौघं रोज संध्याकाळी एकत्र विज्ञान भाग 1 मधलं फिजिक्स करतो म्हणजे गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन आणि भिंगं. अभ्यासिकेत बोलता येत नाही म्हणून गच्चीवर बसतो, टाकीच्या आडोशाला, सध्या थंडी आहे पण चालतं. ज्याला जो धडा चांगला येतो त्याने तो बाकीच्यांना समजवायचा असं ठरलंय आणि भिंगं माझ्याकडे होती.

आता प्रिलिमला गणित आलं, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी, वस्तू 30 सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल आणि कशी असेल. मी सगळ्यांना सांगितलं होतं की सूत्र 1/v − 1/u = 1/f आहे (u वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय अंतर), त्यात वजा आधीच आहे त्यामुळे u घालताना परत वजा घालायचा नाही. म्हणून मी 30 घातले, उत्तर 12 सेमी आलं, आणि पेपर मिळाला तेव्हा त्या गणिताचे 3 पैकी 3 मार्क गेलेले. 40 मार्कांच्या पेपरात 3 म्हणजे कमी नाहीत. माझे गेले ते गेले, पण ग्रुपमधल्या अजून दोघांचेही तसेच गेले, आणि त्यातल्या एकाने आधी 60 सेमी बरोबर काढलं होतं आणि मग मी सांगितलेलं आठवलं म्हणून ते खोडून 12 केलं. त्याच्या पेपरवर खोडलेलं 60 दिसतंय अजून. तो काहीच बोलला नाही मला, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

चिन्ह चुकलं हे आता कळलंय. माझा प्रश्न वेगळाच आहे. आम्ही एकमेकांना शिकवतो ते मला थांबवायचं नाहीये कारण क्लास आमच्यातल्या दोघांना परवडत नाही, आणि खरं सांगते, समजावताना मला स्वतःला धडा जास्त कळतो. पण समजावणाराच चुकत असेल तर बाकीच्यांना कसं कळणार? सगळे मान डोलावतात. त्यात एक मैत्रीण सेमी इंग्लिशची आहे, ती फोकल लेंथ म्हणते आम्ही नाभीय अंतर म्हणतो, कधीकधी दोघं एकच बोलतोय की वेगळं हेच कळत नाही. बोर्डाला पाच आठवडे राहिलेत. कोणी असं ग्रुपने केलंय का? कसं तपासायचात?

प्रतिसाद, विज्ञान शिक्षिका

अगं, मनाला फार लावून घेऊ नकोस. ही चूक दरवर्षी पेपर तपासताना दिसते आणि बरीच हुशार मुलं करतात. सूत्रातला वजा हा सूत्राचा आहे आणि u चं चिन्ह हे u चं स्वतःचं आहे, दोन्ही वेगळे. अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची, प्रकाश डावीकडून येतो, वस्तू डावीकडे म्हणून u = −30. मग 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे v = 60. विशालन 60 भागिले −30 म्हणजे −2, प्रतिमा उलटी आणि दुप्पट.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाबद्दल. तुझ्या 12 सेमीला पकडायला कुणी मोठं माणूस लागलंच नसतं. गणिताआधी हाताने किरणाकृती काढली असती तरी झालं असतं. वस्तू 20 आणि 40 च्या मध्ये आहे, म्हणजे F (नाभी) आणि 2F (त्याच्या दुप्पट अंतर) च्या मध्ये, मग प्रतिमा 2F च्या पलीकडेच यायला हवी. 12 तर F च्याही अलीकडे आहे. आकृती आणि आकडा भांडायला लागले की थांबायचं. माझ्या वर्गात मी आकृतीशिवाय भिंगाचं गणित तपासतच नाही.

प्रतिसाद, बारावी सायन्स, कर्वेनगर

आम्ही तिघांनी दहावीला असंच केलं होतं म्हणून सांगतो. आमची चूक अशी होती की समजावणाराच फळ्यावर गणित सोडवायचा आणि बाकीचे बघायचे, बघताना सगळंच पटतं. मग आम्ही उलटं केलं. समजावून झालं की समजावणारा गप्प, आणि सगळ्यांनी वेगवेगळ्या कागदावर न बोलता एकच गणित सोडवायचं, त्यानेही. कागद एकदम उलटायचे. उत्तरं वेगळी आली तर मतं मोजायची नाहीत, ज्याचं वेगळं आलंय त्याने आधी बोलायचं, मग पुस्तक उघडायचं. बालभारतीच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं यासाठी सगळ्यात भारी, उत्तर वहीने झाकायचं. तुमच्या त्या मित्राचं 60 असं झालं असतं तर खोडलं गेलं नसतं, कारण पहिलं बोलणं त्याचं असतं.

उष्णतेत आमचंही जबरदस्त वाजलं होतं. एक म्हणायचा बर्फ वितळताना तापमान हळूहळू वाढतं. आकडे मांडल्यावर मिटलं. 0 अंशाचा 100 ग्रॅम बर्फ नुसता वितळायला 8000 कॅलरी लागतात आणि तेवढ्याच 8000 मध्ये 100 ग्रॅम पाणी 0 वरून 80 अंशावर जातं. सगळी उष्णता वितळण्यातच जाते, तापमान 0 लाच राहतं.

सेमीच्या मैत्रिणीसाठी एका वहीत दोन रकाने करा आणि शब्दासमोर चिन्ह लिहा, नाभीय अंतर, फोकल लेंथ, f. बोलताना अडलं की चिन्हच बोला. आणि हो, भिंगाची शक्ती काढताना f मीटरमध्ये घ्यायचं, 20 सेमी म्हणजे 0.2 मीटर म्हणजे 5 डायॉप्टर, इथेही लोक मार्क घालवतात.

धागाकर्तीकडून

मॅडम आणि दादा, मनापासून थँक्यू. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

आजोबांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं. समोरच्या लांबच्या बिल्डिंगची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली, ती भिंगापासून साधारण 18 सेमीवर स्पष्ट झाली, म्हणजे f जवळपास 18. मग अंधार पडल्यावर जिन्यात मेणबत्ती 27 सेमीवर ठेवली आणि चौघांनी आधी न बोलता कागदावर उत्तर काढलं. बरोबर चिन्ह घेतलं तर 54 येतं. माझ्या जुन्या पद्धतीने 10.8 आलं असतं, ते मी मुद्दाम काढून ठेवलं होतं. कागद 10.8 वर धरला तर नुसता पसरट उजेड. मग मागे मागे नेत गेलो, 50 च्या पुढे ज्योत दिसायला लागली आणि 54 च्या आसपास उलटी, मोठी, एकदम स्वच्छ आली. ज्याने 60 खोडलं होतं त्यानेच कागद धरला होता. तो म्हणाला आता हे मी मरेपर्यंत विसरत नाही.

आता कागद उलटायची पद्धत रोज चालू आहे, पहिल्याच दिवशी चारपैकी तीन उत्तरं वेगळी आली त्यामुळे वेळ खूप जातो, एका संध्याकाळी जेमतेम पाच गणितं होतात. एवढ्या वेळात पाच पुरतात का, की गणितं कमी करून आकृत्या वाढवू? विद्युतधारेत फ्लेमिंगचे डाव्या आणि उजव्या हाताचे नियम (बोटांवरून दिशा काढायचे) अजून आमचे एकमेकांत मिसळतायत, मोटरला डावा जनित्राला उजवा एवढं पाठ आहे पण बोटं लावायला गेलं की दोघांची दिशा उलटी येते. हे घरी तपासायचं काही असेल तर प्लीज सांगा, आजोबांच्या जुन्या रेडिओतला चुंबक आहे आमच्याकडे.